ठेकेदाराची पाटी

रोज सकाळी आंघोळ झाली की आमचे शेजारी खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं आपल्या दाराशेजारच्या भिंतीवरची पाटी पुसत. आधी नाव, मग नावाखालचे दोन शब्द. नावावरून दुपट्टा एकदा फिरे, त्या दोन शब्दांवरून दोनदा. मी तेव्हा भंडाऱ्याच्या बसगाडीसाठी घाईनं निघालेला असे. "काय काका, आज कारखान्यावर का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"मर्जी असन तं जाऊ, नसन तं नाही जाऊ. आपुन कोनाचे नौकर थोडीच हावो?"

आणि माल न्यायच्या दिवशी दहा मिनिटांनी ते माझ्याआधी बसस्टँडवर हजर असत, बिड्यांची टोपली टपावर चढवत.

पाटी निळ्या पत्र्याची, पांढऱ्या अक्षरांची. पवनीच्या पेंटरकडून रंगवून आणलेली. नावाखालचे दोन शब्द होते, 'बिडी ठेकेदार'. शाळा, दवाखाना अशी सरकारी ठिकाणं सोडली तर आमच्या अड्याळात तेव्हा दारावर पाटी असलेला माणूस हाच एक. सगळे त्यांना ठेकेदारच म्हणत, पोस्टमनसुद्धा. म्हणून मीही इथं त्यांचं नाव सांगत बसत नाही.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. एखादा शब्द त्याला कुठून तरी मिळतो आणि मग तो सदरा घालावा तसा अंगात घालून फिरतो. आपण हसतो. पण तो शब्द काढून घ्यायची वेळ आली की हसू येत नाही.

त्यांचा ठेका म्हणजे काय ते आधी सांगतो. बिडी कंपनीची गाडी यायची आणि तेंदूपान, तंबाखू, सूत त्यांच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, टाकून जायची. ते गावातल्या चाळीसेक बायांना वाटून द्यायचे. बाया घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि रविवार-बुधवारी संध्याकाळी सपरीत आणून द्यायच्या. ठेकेदार त्या मोजून टोपल्यांत भरायचे आणि सोमवार-गुरुवारी सकाळच्या बसनं भंडाऱ्याला कंपनीच्या कारखान्यावर न्यायचे. तिथं चेकर बसलेला असे. तो बिडी न् बिडी पाही, पातळ, सैल, तोंड फाटलेली अशी निवडून काढी आणि मोडून टाकी. याला छाट म्हणत. छाट किती काढायची हे चेकरच्या मनावर असे. कधी त्याचं घरी भांडण झालेलं असलं तर तेही टोपलीवर निघे.

बसमध्ये ठेकेदार पुढच्या बाकावर बसत. कंडक्टर मुद्दाम विचारी, "ठेकेदार, टोपल्याईचं तिकीट?"

"फाड न गा. आपुन काय कोनाचे नौकर हावो, चोरून जाले?"

एकदा पावसाळ्यात कंपनीची गाडी आली नाही आणि लाल सूत संपलं. या माणसानं गावच्या बाजारातून हिरवं सूत घेतलं आणि चार टोपल्या बिड्या हिरव्या सुतानं बांधून घेतल्या. स्वतःचं डोकं चालवलं म्हणून दोन दिवस खुशीत होते. कारखान्यावर चेकरनं बिड्या पाहिल्यासुद्धा नाहीत. चारही टोपल्या त्यांच्यापुढं ओतल्या आणि पायानं पसरल्या. संध्याकाळच्या बसमध्ये ठेकेदार रिकाम्या टोपल्या घेऊन चढले तेव्हा मी विचारलं, काय झालं काका?

"काई नाही. मीच म्हनलं त्याले, हिरवा रंग काई शोभत नाही. टाक फोडून."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. हसलो असतो तर त्यांनी पाहिलं असतं.

मुलीच्या लग्नाला त्यांना तीन दिवस हवे होते. योगायोगानं त्याच दिवशी मी ज्यांच्याकडे कामाला होतो त्या वकीलसाहेबांचं पत्र द्यायला मी कारखान्यावर गेलो होतो. ठेकेदार कंपनीच्या मुनीमजींच्या गादीसमोर उभे होते. चपला बाहेर, दुपट्टा खांद्यावरून काढून हातात. मुनीमजी मान वर न करता म्हणाले, "तीन नहीं, दो." ठेकेदार "जी" म्हणाले. मला पाहून त्यांनी दुपट्टा झटकन खांद्यावर टाकला. बसमध्ये मला म्हणाले, "सांगून आलो त्याईले, पोरीचं लगन हाये, दोन दिस मी काई येत नाही. तुमचं तुमी पाहून घ्या."

आता माझं सांगतो, कारण या गोष्टीत मीही आहे आणि तो भाग काही चांगला नाही.

मी भंडाऱ्याला एका वकिलांकडे टायपिस्ट होतो. बावीस-तेवीस वर्षांचा असेन. ती बिडी कंपनी वकीलसाहेबांची जुनी पक्षकार. त्या काळात बिडी कामगारांसाठी नवा कायदा आला होता. सुट्टी, ओळखपत्र, दवाखाना, कामावरून काढायचं तर आधी नोटीस, असं बरंच काही त्यात होतं. पण हे सगळं नोकराला. कंपनीला नोकर नकोच होते. एक दिवस मुनीमजी आले, तासभर बसले, आणि त्यानंतर वकीलसाहेबांनी मला एक करारनामा सांगून टाइप करवला. नावाची जागा कोरी. गावोगावच्या माणसांसाठी कार्बन घालून सहा प्रती.

मला त्यातलं कळेना म्हणून मी विचारलं, नोकर आणि ठेकेदार यात फरक तो काय? वकीलसाहेब चांगले शिकवत, हे मान्य केलं पाहिजे.

"हे बघ," ते म्हणाले, "तू घरात विहीर खोदायला माणूस लावलास. पाणी लागेपर्यंत खोद म्हणालास आणि आत झोपलास. कुदळ त्याची, माणसं त्याची, पद्धत त्याची. तो ठेकेदार. आणि मी तुला सांगतो, हा कागद घे, इतकी जागा सोड, इथं नवीन ओळ कर, चुकलं तर फाड आणि पुन्हा कर. तू नोकर. काय करायचं एवढंच सांगितलं तर ठेकेदार. कसं करायचं हेही सांगितलं तर नोकर."

"मग काका... म्हणजे अड्याळचे ते..."

"तू टाइप कर," वकीलसाहेब म्हणाले.

सह्या करायला सहाही गावची माणसं एकाच दिवशी आली. आमचे ठेकेदार सही करत, पण वाचायला त्यांना फारसं जमत नसे. ते माझ्या टेबलाशी आले. "काय लिवलं हाये गा बाबू? वाचून सांग."

कागद तीन पानांचा होता. आत वकीलसाहेब आणि मुनीमजी चहा पीत होते, दार उघडं होतं. मी पहिल्या पानावरची एक ओळ वाचली, "सदर इसम हे स्वतंत्र ठेकेदार असून आपल्या मर्जीने काम करतील."

"काय म्हनलं? अजून वाच."

मी पुन्हा वाचली.

"स्वतंत्र," ते म्हणाले. तोंडात खडीसाखर ठेवावी तसा तो शब्द त्यांनी ठेवला. मग सही केली, अक्षर न् अक्षर सुटं काढून. दुसऱ्या पानावर सहावं कलम होतं. ते मी वाचलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आणि मी कोण लागून गेलो मधे बोलणारा, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. आज लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण बस पकडायची होती. त्याच महिन्यात त्यांनी पवनीहून ती पाटी आणली.

मधे सहा-सात वर्षं गेली. आणीबाणी आली आणि गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला यमुनाबाई राहायच्या. अठरा वर्षं बिड्या वळत होत्या आणि आता खोकत होत्या. बिडी कामगारांच्या दवाखान्यात औषध मिळतं असं कोणीतरी त्यांना सांगितलं, पण तिथं कंपनीनं दिलेलं ओळखपत्र लागे. यमुनाबाईंनी कार्ड मागितलं. मग चाळीसही बायांनी मागितलं, युनियनच्या माणसानं अर्ज लिहून दिला. कंपनीनं उत्तर काही दिलं नाही. पुढच्या सोमवारी गाडी आली नाही. गुरुवारीही नाही. तेंदूपान बंद, तंबाखू बंद. अड्याळचं काम एका आठवड्यात उठलं.

युनियन कामगार कोर्टात गेली. आम्हाला पुन्हा काम द्या आणि आम्ही कंपनीचे कामगार आहोत हे लिहून द्या, एवढीच मागणी. कंपनीच्या वतीनं जबाब आमच्या ऑफिसातून गेला. टाइप मीच केला. या बायांना कंपनी ओळखत नाही, त्या ठेकेदाराच्या नोकर आहेत, त्यांनी ठेकेदाराकडे जावं.

आणि त्या गेल्या. सकाळी मी निघालो तर ठेकेदारांच्या सपरीत चाळीस बाया. ते पाटीपाशी उभे, दुपट्ट्याचं टोक हातात तसंच.

यमुनाबाईंनी विचारलं, "ठेकेदार, आमी तुमचे नौकर हावो का?"

"नाही वो बाई. तुमी काहून माह्या नौकर?"

"मंग कोनाचे हावो?"

बाया भांडल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या आणि आपापल्या रिकाम्या सुपांकडे परत गेल्या. त्या आठवड्यात ठेकेदारांनी "आपुन कोनाचे नौकर नाही" असं एकदाही म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

रविवारी दुपारी ते माझ्याकडे आले. करारनामा त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तो माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "पूरं वाच."

मी तीनही पानं वाचली. सहाव्या कलमाशी आलो तेव्हा माझा आवाज बारीक झाला असावा, कारण ते म्हणाले, "मोठ्यानं."

"सदर गावातील बिडी वळणारे सर्व इसम हे ठेकेदाराने स्वतः नेमलेले नोकर असून त्यांचेशी कंपनीचा कोणताही संबंध नाही व राहणार नाही. त्यांचेबाबत कायद्याने येणारी सर्व जबाबदारी एकट्या ठेकेदाराची राहील."

ते जमिनीकडे बघत होते. "तवा तुनं येवढं वाचलं नोयतं."

"नाही वाचलं, काका."

मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. माझ्या बायकोनं चहा आणला, तो बशीत ओतून शांतपणे प्यायले. मग म्हणाले, "नौकर म्हनजे काय रे, बाबू? कायद्यात?"

मी कंपनीच्या वकिलाचा माणूस. मला गप्प बसायला हवं होतं. पण एकदा गप्प बसून झालं होतं. वकीलसाहेबांनी मला सांगितलेली विहिरीची गोष्ट मी त्यांना जशीच्या तशी सांगितली. काय करायचं एवढंच सांगितलं तर ठेकेदार. कसं करायचं हेही सांगितलं तर नोकर.

त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग उठले आणि करारनामा पुन्हा पिशवीत घातला. दारात थांबून म्हणाले, "मंग मी नौकर झालो तं त्या बाया कंपनीच्या होतेत?"

"होऊ शकतात."

"आन मी ठेकेदारच राह्यलो तं?"

"तर त्या तुमच्या."

त्यांच्याकडे दोन एकर धान आणि एक गाय होती. चाळीस बायांना ते काय काम देणार होते?

कोर्टात त्यांची साक्ष झाली तेव्हा मी वकीलसाहेबांच्या मागं फायली घेऊन बसलो होतो. कोर्ट लहानसं होतं. बाया पायऱ्यांवर आणि खिडकीशी. ठेकेदार धुतलेलं धोतर नेसून, नवा दुपट्टा घेऊन आले होते. हातात कापडी पिशवी. वकीलसाहेबांनी फार वेळ घेतला नाही. करारनाम्यावरची सही दाखवली. सही माझी हाये, ठेकेदार म्हणाले.

"तुमच्या दारावर पाटी आहे?"

"हाये."

"कंपनीनं लावली?"

"नाही. म्याच लावली."

"काय लिहिलंय त्यावर?"

"बिडी ठेकेदार."

"रोज पुसता म्हणे ती."

खिडकीशी कोणीतरी हसलं. ठेकेदार म्हणाले, "पुसतो."

"मग खोटं लिहिलंय का त्यावर?"

वकीलसाहेब खाली बसले, त्यांचं काम झालं होतं. मी मान खाली घातली होती. मग ठेकेदार न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, मले दोन शब्द सांगाचे हायेत. सांगू का?"

साहेबांनी मान हलवली.

त्यांनी पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढला. पान कापायचा साचा. बायांकडे प्रत्येकीजवळ असतो तसा, त्यावर कंपनीचा ठसा. "पान येवढंच कापाचं. हा साचा त्याईचा. तंबाखू किती भराचा ते त्याईनं सांगाचं. सूत त्याईचं, लाल. एक डाव मी हिरवं लावलं तं चार टोपल्या माह्यासमोर फोडल्या. कोनती बिडी चांगली, कोनती बेकार, तेबी त्याईनंच सांगाचं. मोडाची तं त्याईनंच मोडाची. सोमवार-गुरुवार मले जानंच हाये, ताप असो का काई असो. पोरीच्या लग्नाले तीन दिस मांगाले गेलो तं चपला भाईर काढून उभा होतो. दोनच भेटले."

मी त्या दिवशी तिथं होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आन पाटी?" साहेबांनी विचारलं. ते आमच्याच भागातले असावेत.

"पाटी मले आवडे म्हून लावली, साहेब." मग त्यांनी दुपट्टा खांद्यावरून काढला आणि हातात घेतला, मुनीमजींसमोर घेतला होता तसा. "मी ठेकेदार नाही. मी नौकर हावो. ह्या बाया बी नौकर हायेत, कंपनीच्या. माह्या नाही."

साहेबांनी सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं, 'मी ठेकेदार नाही. मी कंपनीचा नोकर आहे.' साक्ष वाचून दाखवायची असते. कारकून भराभर वाचू लागला तेव्हा ठेकेदारांनी त्याला थांबवलं. "पूरं वाच गा. हळू." सगळं ऐकून घेतलं आणि मग सही केली, अक्षर न् अक्षर सुटं.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब मला म्हणाले, "याला कोणी पढवलं?" मी फायली बांधत होतो. बांधतच राहिलो. ते पुन्हा बोलले नाहीत, पण त्यानंतर त्या कंपनीचे कागद माझ्या टेबलावर येईनासे झाले.

निकालाला वर्ष लागलं. कागदावर काहीही लिहिलेलं असो, कामाची पद्धत कंपनी ठरवते आणि बिडी मोडायचा हक्क कंपनीकडे आहे, तेव्हा या बाया कंपनीच्याच कामगार, असा निकाल. गाडी पुन्हा यायला लागली. यमुनाबाईंना कार्ड मिळालं. त्यावरच्या फोटोत त्या खोकला दाबून बसलेल्या दिसतात. ठेकेदारांनाही कंपनीनं मुन्शी म्हणून नेमलं आणि त्यांनाही कार्ड मिळालं.

पाटी त्यांनी साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी काढली होती. काकूंनी ती तांदळाच्या माठावर झाकण म्हणून पालथी घातली. गावात कोणी ठेकेदार म्हणून हाक मारली की ते ओरडत, "ठेकेदार म्हनू नोका, बाप्पा. कंपनीच्या मानसानं आयकलं तं अपीलात जातीन."

"हो, ठेकेदार," बाया म्हणायच्या आणि सुपं उचलून चालू लागायच्या.

एक सवय मात्र त्यांना नवीन लागली. कुठलाही कागद आला की माझ्याकडे आणत. सोसायटीची नोटीस, जावयाचं पत्र, खताच्या पिशवीवरची चिठ्ठी. समोर ठेवत आणि म्हणत, "पूरं वाच." आणि मी वाचत असे. 'आपला कृपाभिलाषी'पर्यंत.

तंबाखूच्या सपरीत तीस वर्षं काढल्यावर व्हायचं तेच झालं. ते बारीक झाले, चालताना थांबू लागले. कार्डावर दवाखाना झाला, मग दवाखान्यानं नागपूरला पाठवलं. तिथून ते एक लांब पाकीट घेऊन आले. मुलगी बरोबर होती, पण तिला त्यांनी घरी थांबवलं. एकटेच माझ्याकडे आले, ओसरीच्या पायरीशी दोनदा थांबून.

कागद इंग्रजीत होता. मी आधी मनात वाचला. वर फुप्फुसांचं काय ते होतं, मग औषधांची नावं, आणि शेवटी डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या दोन ओळी. मी औषधांपर्यंत मराठीत सांगितलं आणि कागद घडी करू लागलो.

"बाबू," ते म्हणाले. "पूरं वाच."

मी घडी उघडली. मग वाचलं. आता इलाज करण्यासारखं काही उरलं नाही. घरी न्यावं, जे खायला मागतील ते द्यावं, दोन-तीन महिने.

ते ऐकत होते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकायची त्यांची पद्धत होती तसे. मग त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं. मागं काही नव्हतं.

"ह्या डावाले तुनं काई सोडलं नाही," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघालो तर नको म्हणाले. मी माझ्या दारातून बघत होतो. ते आपल्या दाराशी पोचले, दम घेत भिंतीला टेकले. मग दुपट्ट्याचं टोक धरून त्यांनी भिंतीवरची ती जागा पुसली, आधी एकदा, मग खाली दोनदा, आणि आत गेले. तिथं आता चार खिळ्यांची भोकं तेवढी होती.